दात्याच्या पेशींची दुसरी कुमक

बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेल्या रुग्णाला रक्त किंवा प्लेटलेट द्यायच्या असल्या, तर रक्तपेढी ती पिशवी आधी गॅमा किंवा क्ष-किरणांखाली ठेवते. रक्तदात्याच्या रक्तात लाल पेशींबरोबर लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशीही असतात. एरवी निरोगी शरीर त्यांचा बंदोबस्त करतं. पण ज्याची प्रतिकारशक्ती औषधांनी पार धुऊन काढलेली आहे, अशा शरीरात त्या जिवंत पोचल्या तर तिथेच ठाण मांडतात, वाढतात आणि यजमानाचीच कातडी, आतडी, यकृत परकं समजून त्यांच्यावर तुटून पडतात. या प्रकारात दहांतले नऊ रुग्ण दगावतात. म्हणून केसपेपरवर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, की किरणं दिलेलंच रक्त चढवायचं.

याच रुग्णाच्या बाबतीत एखाद्या दिवशी नेमका उलटा हुकूम निघतो. पिशवीला किरणं द्यायची नाहीत आणि पांढऱ्या पेशी अडवणारी गाळणीही नळीला लावायची नाही. चुकून यातलं काही झालंच, तर सगळी मेहनत पाण्यात. त्या पिशवीत लिम्फोसाइटच हव्या असतात, आणि त्याही जिवंत. पिशवी एवढीशी असते. कधी कधी सगळा ऐवज एका सिरिंजमध्ये मावतो. गोठवून ठेवलेली असेल तर रुग्णाजवळच ३७ अंशांच्या पाण्यात ती वितळवतात. गोठवताना पेशी फुटू नयेत म्हणून डीएमएसओ नावाचं रसायन घातलेलं असतं, त्याचा लसणासारखा वास नंतर बराच वेळ रुग्णाच्या श्वासाला येत राहतो. भूल नाही, चिरफाड नाही, काही मिनिटांत काम आटोपतं. बघणाऱ्या नातेवाइकांना वाटतं, एवढंच? या उपचाराला डॉक्टर डीएलआय म्हणतात, म्हणजे डोनर लिम्फोसाइट इन्फ्यूजन. ट्रान्सप्लांटनंतर रक्ताचा कर्करोग उलटला, किंवा उलटण्याची चिन्हं दिसू लागली, तर मूळ दात्याच्याच लिम्फोसाइट पुन्हा मागवून रुग्णाला द्यायच्या, असा हा प्रकार आहे. ज्या पेशींपासून रुग्णाला महिनोन् महिने जपायचं, त्याच आता औषध म्हणून वापरायच्या. हे डॉक्टरांना सुचलं कसं, याची गोष्ट उंदरांपासून सुरू होते.

इंग्लंडमधल्या हारवेल इथे १९५६ साली बार्न्स, लाउटिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ल्युकेमिया झालेल्या उंदरांना मोठ्या मात्रेत क्ष-किरणं दिली आणि मग अस्थिमज्जा टोचली. काहींना त्याच वाणाच्या उंदरांची मज्जा दिली, काहींना वेगळ्या वाणाची. पहिल्या गटातल्या उंदरांचा ल्युकेमिया परतला. दुसऱ्या गटात तो परतला नाही. पण ते उंदीर झिजत झिजत दुसऱ्याच दुखण्याने मेले. कर्करोगाच्या उरल्यासुरल्या पेशी परक्या मज्जेनेच मारल्या असाव्यात, अशी शंका त्या शास्त्रज्ञांनी तेव्हाच बोलून दाखवली होती. उंदीर दोन्हीकडून मेलेच, त्यामुळे त्या शंकेकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

माणसांवरचा ट्रान्सप्लांट तेव्हा नुकता सुरू होत होता. अमेरिकेत डॉ. ई. डॉनल थॉमस यांनी १९५७ साली पहिल्या काही रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांतलं कुणी फार दिवस जगलं नाही. १९५९ मध्ये त्यांनी ल्युकेमियाच्या दोन रुग्णांना त्यांच्या एकसारख्या जुळ्या भावंडांची मज्जा दिली. ती छान रुजली, आजार गेला, आणि काही महिन्यांत परत आला. तेव्हाची समजूत अशी होती, की खरं काम किरणं आणि औषधंच करतात. त्यांच्या तडाख्यात रुग्णाची स्वतःची मज्जा जळून जाते, म्हणून तिच्या जागी दुसरी आणून बसवायची, इतकंच. या हिशेबाने जुळं भावंड हा सर्वांत उत्तम दाता ठरायला हवा होता.

तसं झालं नाही. थॉमस यांच्याच सिअ‍ॅटलच्या गटाने १९७९ साली २४२ रुग्णांचा ताळा मांडला. दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावर हल्ला केला की जो आजार होतो, त्याला जीव्हीएचडी म्हणतात. ज्यांना हा त्रास मध्यम ते तीव्र झाला, त्यांच्यात ल्युकेमिया उलटण्याचं प्रमाण सुमारे अडीच पटींनी कमी होतं. ज्या दुखण्याला डॉक्टर घाबरत होते, ते झालेल्यांनाच कर्करोग कमी छळत होता. थॉमस यांना पुढे १९९० साली नोबेल मिळालं, पण ट्रान्सप्लांट नेमका कशामुळे लागू पडतो याचं उत्तर मिळायला तोवर तीन दशकं गेली होती.

या उत्तराची किंमतही रुग्णांनीच मोजली. १९८०च्या दशकात अनेक केंद्रांनी ठरवलं, की जीव्हीएचडीचं मूळ असलेल्या टी-पेशी मज्जेतून आधीच काढून टाकाव्यात. टी-पेशी हा लिम्फोसाइटचाच एक प्रकार, आणि परकं ओळखून मारण्यात सर्वांत तरबेज. युक्ती तर्काला धरून होती आणि जीव्हीएचडी खरोखरच कमी झाला. पण क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल असलेल्या रुग्णांचा आजार पुन्हा धडाधड उलटू लागला. आंतरराष्ट्रीय नोंदवहीतल्या २,२५४ रुग्णांचा अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा चित्र स्वच्छ झालं. जुळ्याची मज्जा किंवा टी-पेशी काढलेली मज्जा मिळालेल्यांत आजार जास्त उलटतो. सौम्य का होईना, जीव्हीएचडी झालेल्यांत कमी. म्हणजे कर्करोग आटोक्यात ठेवण्याचा मोठा वाटा दात्याच्या लिम्फोसाइटचा होता.

लिम्फोसाइटना कर्करोगाची पेशी ओळखू तरी कशी येते? शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे छोटे तुकडे एचएलए नावाच्या रेणूंमध्ये धरून बाहेर दाखवत असते. टी-पेशी हिंडता हिंडता ते तुकडे चाचपतात; ओळखीचं दिसलं तर पुढे, अनोळखी दिसलं तर हल्ला. एचएलएची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर असतात, एक संच आईकडून, एक वडिलांकडून. म्हणून सख्ख्या भावंडाशी पूर्ण मॅचिंग होण्याची शक्यता चारांत एक. पण एचएलए जुळलं तरी बाकीची प्रथिनं दोन भावंडांत वेगळी असतातच. बहिणीच्या टी-पेशींनी भावाच्या वाय गुणसूत्रावरची प्रथिनं कधी पाहिलेलीच नसतात. हॉलंडमधल्या लायडेन इथे एल्स हुल्मी यांनी १९७६ पासून अशा बारीक फरकांचा छडा लावला. त्यांतला एचए-१ नावाचा फरक मुख्यतः रक्त तयार करणाऱ्या पेशींवरच आढळतो, कातडीवर किंवा आतड्यावर नाही. दात्याच्या टी-पेशींनी फक्त अशा खुणेवर नेम धरला, तर कर्करोग मरेल आणि बाकीचं शरीर वाचेल. सगळ्या खुणा एवढ्या सोयीच्या नसतात, हीच अडचण.

ट्रान्सप्लांटनंतर उलटलेल्या सीएमएलवर तेव्हा फारसा उपाय नव्हता. पुन्हा ट्रान्सप्लांट करायचा तर तो सोसण्याची ताकद रुग्णात उरलेली नसे. म्युनिकच्या हान्स-योखेम कोल्ब यांनी वेगळा विचार केला. रुग्णाच्या अंगात दात्याची मज्जा आधीच रुजलेली आहे, म्हणजे त्याच दात्याच्या आणखी पेशी दिल्या तर शरीर त्या झिडकारणार नाही. त्यासाठी नव्याने केमोही लागणार नाही. ट्रान्सप्लांटच्या वेळी किरणं आणि औषधांनी अंगात माजलेला क्षोभही काही महिन्यांत निवलेला असतो, त्यामुळे याच लिम्फोसाइट सुरुवातीला दिल्या असत्या तर जेवढा अनर्थ झाला असता, तेवढा आता होऊ नये. जेरुसलेमच्या हदासा रुग्णालयात शिमॉन स्लाविन यांचेही त्याच सुमारास याच वाटेने प्रयत्न चालू होते.

कोल्ब यांनी १९९० मध्ये तीन रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. तिघांचाही सीएमएल ट्रान्सप्लांटनंतर उलटलेला. इंटरफेरॉनच्या जोडीने त्यांना मूळ दात्याच्या पांढऱ्या पेशी दिल्या. या आजारात नऊ आणि बावीस क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन फिलाडेल्फिया नावाचं आखूड गुणसूत्र तयार होतं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसतं. तिघांच्याही मज्जेतून ते नाहीसं झालं. दोघांना जीव्हीएचडी झाला, तो औषधांनी आवरला. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. भावाबहिणीच्या दंडातून काढलेल्या पेशींनी उलटलेला ब्लड कॅन्सर परतवला होता. वैद्यकात इतकं साधं आणि इतकं ठोस क्वचितच घडतं.

मग युरोपभरचे अनुभव गोळा झाले. १९९५ साली १३५ रुग्णांचा आढावा निघाला, त्यात सीएमएलच्या ७३ टक्के रुग्णांचा आजार पूर्ण ओसरला होता. अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमियात, म्हणजे एएमएलमध्ये, हा आकडा २९ टक्क्यांवर घसरला. मुलांमध्ये जास्त दिसणाऱ्या अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात, एएलएलमध्ये, त्या आढाव्यात एकालाही गुण आला नाही. टी-पेशींना शत्रू ओळखून, आपली संख्या वाढवून मारा करायला आठवडे, कधी महिने लागतात. सीएमएल संथ असतो, तेवढी उसंत देतो. एएलएल देत नाही. शिवाय त्याच्या पेशी टी-पेशींना चेतवायलाही कमी पडतात.

त्याच आढाव्यात किंमतही नोंदवलेली आहे. ४१ टक्के रुग्णांना मध्यम किंवा त्याहून तीव्र जीव्हीएचडी झाला आणि ३४ टक्क्यांच्या मज्जेचं काम मंदावलं. जीव्हीएचडी म्हणजे काय, हे वॉर्डात राहिल्याशिवाय कळत नाही. सुरुवात बहुधा तळहात, तळपाय, कानांच्या मागे खाज आणि लाल पुरळ यांनी होते. मग जुलाब. हे जुलाब नुसते मोजत नाहीत, मापाच्या भांड्यात धरून मिलिलिटरमध्ये लिहून ठेवतात, कारण आतड्याचा आजार कोणत्या पायरीवर आहे ते त्यावरच ठरतं. प्रौढ माणसात दिवसाला ५०० मिलिलिटरच्या पुढे गेलं की पहिली पायरी. डोळे पिवळे झाले तर यकृत. यावर पहिला उपाय स्टेरॉइड. त्याने भागलं नाही, तर रक्सोलिटिनिबसारखी औषधं. ती जितकी जोरात द्यावीत तितकी दात्याच्या लिम्फोसाइटची धार बोथट होते, आणि कर्करोगाला पुन्हा फावतं.

सारी मदार मात्रेवर, हे न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंगमध्ये स्टीफन मॅकिनन यांच्या गटाने १९९५ मध्ये दाखवलं. त्यांनी एकदम भरमसाट पेशी न देता थोड्यापासून सुरुवात केली आणि गरजेप्रमाणे मात्रा वाढवत नेली. रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे १ कोटी टी-पेशींवर ज्या आठ जणांचा सीएमएल ओसरला, त्यांतल्या एकालाच जीव्हीएचडी झाला. किलोमागे ५ कोटी किंवा त्याहून जास्त लागलेल्या अकरा जणांत तो आठांना झाला. आमटीत मीठ चाखत चाखत घालावं, तशी ही मात्रा. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयानेही २००० साली असाच निष्कर्ष काढला: एकरकमी मोठ्या डोसाइतकाच गुण टप्प्याटप्प्याने येतो, त्रास मात्र कमी.

आजची पद्धत याच अनुभवावर उभी आहे. आधी सायक्लोस्पोरिनसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं बंद करतात. काही आठवडे थांबून जीव्हीएचडी डोकं वर काढत नाही ना, हे पाहतात. कधी कधी एवढ्यानेच दात्याच्या पेशी जाग्या होतात आणि आजार हटतो. नाहीच हटला तर दाता अ‍ॅफेरेसिसच्या यंत्राला जोडला जातो. एका हातातून रक्त बाहेर येतं, यंत्र त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतं, बाकीचं रक्त दुसऱ्या हातातून परत जातं. तीन-चार तास दोन्ही हात फारसे हलवता येत नाहीत. नाक खाजलं तरी दुसऱ्याला सांगावं लागतं. मिळालेला साठा मोजून, छोट्या छोट्या पिशव्यांत वाटून गोठवतात. दाता पूर्ण जुळणारा असेल तर किलोमागे १० लाख ते १ कोटी टी-पेशींपासून सुरुवात होते, अर्धं मॅचिंग असेल तर त्याच्या दहाव्या हिश्शापासून. पुढची पिशवी साधारण आठ ते बारा आठवड्यांनी, आणि तीही मधल्या काळात जीव्हीएचडी झाला नाही तरच.

आता आजार पुरता उलटेपर्यंत थांबतही नाहीत. रक्तातल्या पेशींचा डीएनए तपासून किती टक्के पेशी दात्याच्या आणि किती रुग्णाच्या, हे वरचेवर पाहिलं जातं. दात्याचा टक्का घसरू लागला, किंवा कर्करोगाची एखादी रेणवीय खूण सापडली, की त्या टप्प्यावरच लिम्फोसाइट देतात, कारण शत्रू मूठभर असताना लागू पडण्याची शक्यता जास्त. एएमएलमध्ये आधी केमोने किंवा अ‍ॅझासिटिडिनने आजाराचा भार उतरवून मग डीएलआय देण्याची रीत आहे.

या कथेतला एक योग गमतीचाच म्हणावा लागेल. डीएलआय सर्वांत चांगला चालला तो सीएमएलमध्ये. आणि २००१ साली इमॅटिनिब ही गोळी आली, तेव्हापासून सीएमएलच्या बहुतेक रुग्णांना ट्रान्सप्लांटचीच गरज उरली नाही. आता हा उपचार वापरावा लागतो तो प्रामुख्याने एएमएलसारख्या आजारांत, जिथे तो निम्म्यापेक्षा कमी जणांना लागू पडतो.

न लागू पडण्याची कारणंही आता उलगडत आहेत. मिलानच्या सान राफाएले रुग्णालयात लुका वागो यांच्या गटाने २००९ मध्ये एक विलक्षण गोष्ट दाखवली. अर्धं मॅचिंग असलेल्या दात्याकडून ट्रान्सप्लांट होऊन आजार उलटलेल्या १७ रुग्णांपैकी पाच जणांच्या कर्करोगाच्या पेशींनी सहाव्या गुणसूत्राचा न जुळणारा भागच टाकून दिला होता आणि त्या जागी जुळणाऱ्या भागाची दुसरी प्रत बसवली होती. दात्याच्या टी-पेशी ज्या फरकावर नेम धरून होत्या, तो फरकच पुसून टाकला. अशा रुग्णाला त्याच दात्याच्या आणखी लिम्फोसाइट देण्यात अर्थ नसतो. जीव्हीएचडीचा धोका तेवढा पदरात पडतो. म्हणून अर्ध्या मॅचिंगनंतर आजार उलटला, तर डीएलआयआधी ही तपासणी करणं शहाणपणाचं. तिच्यात तसं आढळलं, तर वेगळा दाता शोधावा लागतो.

दुसरीकडे पेशींनाच लगाम घालण्याचे प्रयत्न चालू आहेत. मिलानमध्येच क्लाउडिओ बोर्दिन्यों आणि कियारा बोनिनी यांनी १९९७ साली दात्याच्या लिम्फोसाइटमध्ये विषाणूचं एक जनुक घालून दिलं. जीव्हीएचडी झाला की गॅन्सिक्लोव्हिर हे औषध द्यायचं, म्हणजे त्या पेशी मरतात. ह्यूस्टनच्या गटाने २०११ मध्ये याहून चपळ कळ बसवली, तिच्यात औषधाच्या एका डोसाने अर्ध्या तासात नव्वद टक्क्यांहून जास्त पेशी नाहीशा झाल्या. एएलएलसारख्या बी-पेशींच्या आजारांत तर दात्याच्या टी-पेशींवर कर्करोगाची सीडी-१९ ही खूण ओळखणारा कृत्रिम ग्राहक बसवून, म्हणजे त्यांना कार-टी पेशी करून, पाहिलं गेलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २०१६ मध्ये ट्रान्सप्लांटनंतर आजार बळावलेल्या अशा २० रुग्णांचा अहवाल दिला. त्यांतल्या आठांना गुण आला, आणि नव्याने तीव्र जीव्हीएचडी कुणालाही झाला नाही.

मुंबईच्या आयआयटीत आणि टाटा मेमोरियलमध्ये घडलेली, ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळालेली नेक्सकार-१९ ही कार-टी उपचारपद्धतीच. पण तिच्यात रुग्णाच्या स्वतःच्या टी-पेशी वापरतात, दात्याच्या नव्हेत. बातम्यांत या दोन्हींची सरमिसळ होते. डीएलआयमध्ये पेशींच्या जनुकांना हातही लावत नाहीत. त्यामुळे तो कार-टीच्या मानाने फार स्वस्त पडतो, आणि जिथे अ‍ॅफेरेसिसचं यंत्र आणि पेशी मोजण्या-गोठवण्याची सोय आहे तिथे करता येतो. खर्च वाढतो तो जीव्हीएचडी झाला तर.

भारतातला पहिला यशस्वी बोन मॅरो ट्रान्सप्लांट टाटा मेमोरियलमध्येच डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ च्या मार्चमध्ये केला. एएमएल झालेली नऊ वर्षांची मुलगी, आणि मज्जा तिच्या भावाची. तेव्हा सख्खं, पूर्ण जुळणारं भावंड नसेल तर बहुतेकांची वाट तिथेच खुंटायची. आता बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये रुळलेल्या पद्धतीने, ट्रान्सप्लांटनंतर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे जुनं, स्वस्त औषध देऊन, आई, वडील किंवा मुलगाही अर्ध्या मॅचिंगवर दाता होऊ शकतो. घरातला दाता हाताशी असतो, दुसऱ्यांदा पेशी लागल्या तर लगेच बोलावता येतो. नोंदणी संस्थेमार्फत मिळालेला अनोळखी दाता मात्र वर्षाने पुन्हा सापडेल, सापडला तरी तयार होईल, याची खात्री नसते. म्हणून काही केंद्रं पहिल्याच वेळी थोड्या जास्त पेशी घेऊन गोठवून ठेवतात.

रक्त-मूलपेशी दाता म्हणून नाव नोंदवणं अगदी सोपं आहे. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली की नमुना तयार. भारतीय रुग्णाला जुळणारा दाता भारतीय वंशाच्या लोकांतच मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त, आणि आपल्या नोंदवह्या लोकसंख्येच्या मानाने फारच तोकड्या आहेत. तेव्हा निरोगी तरुणांनी नाव जरूर नोंदवावं. पण नोंदवताना एवढं घरी सांगून ठेवावं, की एकदा पेशी दिल्यावर काही महिन्यांनी त्याच रुग्णासाठी पुन्हा फोन येऊ शकतो, आणि त्या वेळी दुसरा कुठलाही दाता बदली म्हणून चालत नाही.